अंधारी

जुलैच्या मध्यावर डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात आवणी ऐन भरात असते. पहाटे राबातली रोपं उपटायची, त्यांच्या मुठी बांधायच्या आणि मग चिखलात ओळीने वाकून रोपं रोवत मागे मागे सरकायचं. पोटात सकाळचा कोरा चहा, फार तर वाटीभर पेज. अशी तासभर कमरेतून वाकलेली बाई बांधावरच्या लेकराला हाक मारायला एकदम सरळ होते, आणि समोरचं हिरवं शेत आधी फिकं पडतं, मग कडेकडेने काळं होत जातं. कानात गुंई होतं. लेकराचं रडणं ऐकू येत असतं, पण फार लांबून आल्यासारखं. ती हातातली मूठ सोडत नाही; पाय रोवून तशीच थांबते. दोन-चार श्वास जातात, शेत परत दिसू लागतं आणि ती पुन्हा वाकते. शेजारच्या ओळीतल्या बाईला काही कळलेलंही नसतं. तिने विचारलंच तर उत्तर ठरलेलं, “काय नाय, जरा आंधारी आली.”

त्या दहा-पंधरा सेकंदांत तिच्या शरीरात बरंच काही घडून गेलेलं असतं. माणूस उभा राहिला की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटात आणि पायांत उतरतं. हृदयाकडे परतणारं रक्त तेवढं कमी होतं आणि रक्तदाब घसरतो. मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या रोहिण्यांच्या भिंतींत हा दाब सतत जोखणारी चेतातंतूंची टोकं असतात. त्यांचा निरोप मेंदूला पोचतो, नाडी वाढते, पायांतल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि दाब सावरतो. एरवी हे इतकं झटपट होतं की पत्ताही लागत नाही. पण बराच वेळ वाकून किंवा उकिडवं बसून एकदम उठलं, त्यात घाम गेलेला, पोट रिकामं, अंगात पाणी कमी, तर सावरायला थोडा उशीर होतो. त्या उशिरात डोळ्यांपुढे अंधारी येते.

डोळ्यांपुढेच आधी का? मेंदू शुद्धीवर असतो, कान ऐकत असतात, मग नजरच आधी का जाते? डोळ्याच्या गोळ्याला आत स्वतःचा दाब असतो, साधारण १० ते २० मिलिमीटर पाऱ्याएवढा. त्यामुळेच तो गोल आणि ताठ राहतो. आत शिरणाऱ्या रक्ताला या दाबावर मात करावी लागते. रक्तदाब उतरू लागला की मेंदूला रक्त पोचत असतानाच दृष्टिपटलाचा पुरवठा तुटतो. आधी रंग उडतात, मग कडेचं दिसेनासं होतं, मग समोरचं. अंधारी आलेल्या माणसाला दिसत नाही, पण तुमचं बोलणं कळत असतं. म्हणून त्या क्षणी त्याला ‘खाली बस’ एवढंच स्पष्ट आणि मोठ्याने सांगावं. तो ऐकतो.

त्यापुढे मात्र फार वेळ नसतो. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी पाचवा हिस्सा तो एकटा वापरतो, आणि त्याच्याकडे साठा जवळजवळ नसतोच. १९४३ साली अमेरिकेतल्या मिनेसोटात रॉसन, काबट आणि अँडरसन या तीन संशोधकांनी तरुण पुरुषांच्या मानेभोवती हवेने फुगणारा पट्टा बांधून मेंदूचा रक्तपुरवठा क्षणभर पूर्ण थांबवला. माणसं सरासरी सातेक सेकंदांत बेशुद्ध झाली. असा प्रयोग आज कुठलीही नीतिसमिती होऊ देणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण सात सेकंदांचा तो आकडा तेव्हापासून वैद्यकशास्त्रात पक्का बसला आहे.

यंत्रणा सगळ्यांची एकच, अनुभव मात्र माणसागणिक निराळा. कुणाला पोटातून वर चढणारी ऊब जाणवते आणि मग एकदम थंड घाम फुटतो. कुणाला जांभयांवर जांभया येतात. कुणाच्या तोंडाला पाणी सुटतं, मळमळतं, शौचाला जावंसं वाटतं. कुणाला आपले हातपाय आपले वाटत नाहीत. कुणाला फक्त भीती वाटते, कसली ते सांगता येत नाही. आपल्याकडे त्याला ‘जीव घाबरा होणं’ म्हणतात आणि वर्णन म्हणून ते अगदी नेमकं आहे. लहान मुलं ‘पोटात दुखतं’ एवढंच सांगतात आणि पांढरीफटक पडतात. म्हातारी माणसं तर पुष्कळदा काहीच सांगत नाहीत, कारण आपली शुद्ध गेली होती हेच त्यांना आठवत नाही. ‘पाय घसरला’ म्हणतात. ओसरीवर, कोरड्या जमिनीवर, ज्या जागी घसरण्यासारखं काही नव्हतं तिथे पाय घसरला असं आजोबा म्हणत असतील, तर घरच्यांनी तिथे थांबून विचार करावा.

मळमळ, घाम, पांढरेपणा यांनी सुरू होणारी ही साधी बेशुद्धी सगळ्यात जास्त आढळते. ब्रिटिश वैद्य थॉमस लुईस यांनी १९३२ साली तिला ‘व्हेसोव्हेगल’ हे नाव दिलं. रक्त दिसलं, सुई टोचली, जबर दुखलं, वाईट बातमी कळली, गर्दीत उकडून निघालं किंवा फार वेळ जागच्या जागी उभं राहावं लागलं की एक उलटी प्रतिक्षिप्त क्रिया सुरू होते. हृदयाने जोरात चालायला हवं तेव्हा ते मंदावतं, रक्तवाहिन्यांनी आवळायला हवं तेव्हा त्या सैल पडतात. दाब कोसळतो आणि माणूसही. बिनविषारी साप चावून गेला तरी एखादा धडधाकट तरुण बेशुद्ध पडतो तो यामुळेच. अर्थात साप कुठला होता हे बघायला थांबू नये, दवाखाना गाठावाच. मण्यारीचा दंश रात्री झोपेत होतो, दुखतही नाही, आणि डोळ्यांच्या पापण्या जड होऊ लागल्या की लोक त्याला गुंगी समजतात.

बेशुद्धीच्या त्या काही सेकंदांत आत काय चालतं? १९९४ साली जर्मन चेतातज्ज्ञ थॉमस लेम्पर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी तरुण स्वयंसेवकांना जोरजोरात श्वास घ्यायला लावून, मग श्वास कोंडून जोर करायला लावून मुद्दाम बेशुद्ध केलं आणि ते सगळं चित्रित केलं. ४२ जण पुरते बेशुद्ध झाले. त्यांच्यापैकी सुमारे ६० टक्क्यांना काही ना काही दिसलं किंवा ऐकू आलं: रंग, उजेड, ओळखीच्या जागा, माणसांचे आवाज. अनेकांना ते सुखाचं वाटलं. ज्यांना ‘मी मरून परत आलो’ असं वाटतं त्यांच्या कथनांशी हे अनुभव बरेच जुळत होते. म्हणजे शुद्धीवर आलेली बाई ‘माझी गेलेली आई दिसली’ असं म्हणाली, तर ती खोटं बोलत नसते आणि तिला वेडही लागलेलं नसतं.

त्याच चित्रफितींत दुसरी एक गोष्ट दिसली आणि माझ्या मते ती अधिक महत्त्वाची आहे. बेशुद्ध झालेल्यांपैकी सुमारे ९० टक्के लोकांच्या हातापायांना झटके आले. डोळे बहुतेकांचे उघडेच होते, बुबुळं वर फिरलेली. यांच्यापैकी कुणालाही अपस्मार नव्हता. रक्त न मिळालेला मेंदू स्नायूंना असे चार-दोन हिसके देतोच. पण गावात हे पाहणारा माणूस काय म्हणेल? ‘फिट आली.’ मग नाकाला फोडलेला कांदा, चप्पल हुंगवणं, दातखीळ उघडायला चमचा, आणि पुढे दवाखान्यात त्या एका शब्दावर सुरू झालेल्या अपस्माराच्या गोळ्या, वर्षानुवर्षं. लग्न ठरलेल्या मुलीच्या बाबतीत तर त्या शब्दाने आयुष्य बदलतं. खऱ्या अपस्मारात झटके एक-दोन मिनिटं चालतात, चेहरा बहुधा निळसर पडतो, जीभ कडेला चावली जाते आणि नंतर बराच वेळ माणूस भांबावलेला असतो. साध्या बेशुद्धीत चेहरा पांढरा असतो, झटके काही सेकंदांचे, आणि शुद्ध आल्यावर माणूस थकलेला असला तरी समोरच्याला ओळखतो. यात निदान करणारं कुठलंही महाग यंत्र नाही. पाहणाऱ्याने नीट पाहिलेलं असणं एवढंच लागतं.

कांदा, चप्पल, पाण्याचा हबका, भगताने उतरवलेलं लिंबू, या सगळ्यांनी माणूस शुद्धीवर येतो असं वाटतं, कारण तो खरंच येतो. पण त्याला शुद्धीवर आणतं ते त्याचं पडणं. आडवं झालं की पायांतलं रक्त हृदयाकडे परततं, डोकं आणि हृदय एका पातळीत येतात आणि मेंदूला रक्त मिळतं. विहिरीवरचा पंप दुबळा झाला की टाकी खाली उतरवून ठेवावी, तसं. वारली पाड्यांवर आजही आधी भगताकडे दाणे बघायला जाणारी घरं आहेत. त्यांना हसून काही साधत नाही. भगत निदान त्या माणसाशी आणि घरच्यांशी निवांत बोलतो, कधीपासून होतं, कुठे होतं, काय झालं होतं हे विचारतो. ही चौकशी दवाखान्याच्या गर्दीत हरवते. रुग्ण म्हणतो ‘चक्कर येते’, केसपेपरवर तेवढंच लिहिलं जातं, आणि सलाईन लागतं. सलाईनवर आपल्या लोकांचा मोठा विश्वास. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे चहाचे पाचेक चमचे. जुलाबाने किंवा घामाने अंगातलं पाणी गेलं असेल आणि तोंडाने घेता येत नसेल तर सलाईन जीव वाचवतं. एरवी मीठ घातलेली तांबडी पेज दोन वाट्या प्यायली तर तेवढंच काम होतं आणि दिवसाची रोजी वाचते.

पडणं हा इलाज असेल, तर पडू न देणं हे संकट ठरतं. डहाणूहून मुंबईकडे रोज कामाला जाणाऱ्यांना हे सांगायला हवं. २०१३ पासून लोकल डहाणू रोडपर्यंत येऊ लागली आणि विरारच्या पलीकडची गर्दीही वाढली. खच्चून भरलेल्या डब्यात कुणाची शुद्ध हरपली तर चारी बाजूंच्या अंगांनी तो उभाच राहतो. मान खाली, गुडघे ढिले, पण धड उभं. अशा वेळी मेंदूला रक्त मिळत नाही आणि काही सेकंदांची बेशुद्धी लांबत जाते. लोक दयेपोटी काखेत हात घालून त्याला धरून ठेवतात, बाकावर बसवतात, तोंडात पाणी ओततात. त्याऐवजी जागा करून त्याला आडवं करावं, पाय एखाद्या पिशवीवर उंच ठेवावेत, आणि तोंडात पाणी तो स्वतः पेला धरू लागेपर्यंत घालू नये. डब्यात इतकी जागा कुठली, हा प्रश्न खरा आहे. पण ‘आडवं करा’ असं एकाने जरी ओरडून सांगितलं तरी मुंबईची गर्दी जागा करते.

आडवं होणं शक्य नसेल तर दुसरे उपाय आहेत, आणि ते अंधारी सुरू होताच करायचे असतात. उकिडवं बसावं. आपल्या लोकांना ते सहज जमतं आणि याहून जलद दाब वाढवणारा उपाय नाही. ते शक्य नसेल तर उभ्या उभ्या पायांची कात्री करून मांड्या आणि पोट घट्ट आवळावं, किंवा दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोराने ओढावं. नेदरलँड्सच्या संशोधकांनी वारंवार बेशुद्ध होणाऱ्यांवर हे तपासलं. २००६ साली छापलेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार नुसती नेहमीची काळजी घेणाऱ्यांपैकी ५१ टक्के पुन्हा बेशुद्ध झाले, ही तंत्रं शिकलेल्यांपैकी ३२ टक्के. पैसा नाही, गोळी नाही, दहा मिनिटांचं शिक्षण.

आश्रमशाळांमध्ये हे शिक्षण पहिल्यांदा पोचायला हवं. सकाळच्या प्रार्थनेला मुली रांगेत ‘सावधान’मध्ये उभ्या असतात. पोटऱ्यांचे स्नायू हलले की ते पायांतल्या शिरा पिळून रक्त वर ढकलतात. निश्चल उभं राहिलं की हा पंप बंद. त्यात ऊन, रिकामं पोट, पाळी चालू असेल तर ओटीपोटातली कळ, आणि रक्तात लोह कमी. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना पंडुरोग आहे. नुसत्या पंडुरोगाने माणूस सहसा धाडकन पडत नाही, पण जिना चढताना धाप लागणं, उठताना अंधारी येणं, कानात धडधड ऐकू येणं हे रोजचं होतं आणि इतर कुठल्याही कारणाला वाव मिळतो. एक मुलगी कोसळली की धास्तीने दुसरीलाही घाम फुटतो. दुसरी ढोंग करत नसते; भीतीनेही तीच प्रतिक्षिप्त क्रिया सुरू होते. उपाय साधा आहे: प्रार्थना सावलीत घ्यावी, आधी खाऊ द्यावं, आणि उभ्या असताना टाचा वर-खाली करण्याची सवय लावावी.

याच मुलींच्या बाबतीत एक अन्याय वर्षानुवर्षं चालत आला आहे. सिनेमात नायिका चक्कर येऊन पडते, डॉक्टर नाडी धरतात आणि ‘गोड बातमी’ देतात. गरोदरपणात सुरुवातीच्या महिन्यांत रक्तवाहिन्या सैलावतात आणि चक्कर येऊ शकते हे खरं. शेवटच्या महिन्यांत उताणं झोपल्यावर गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या शिरेवर पडून जीव घाबरा होतो आणि डाव्या कुशीवर वळलं की बरं वाटतं, हेही खरं. पण बेशुद्ध पडलेल्या प्रत्येक पोरीकडे त्या संशयाने पाहणारे डोळे तिला पुढच्या वेळी गप्प बसवतात. तिला अंधारी येत राहते आणि ती सांगत नाही.

अशक्त माणसालाच चक्कर येते असंही नाही. ७ डिसेंबर २०१८ रोजी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या दीक्षान्त समारंभात केंद्रीय मंत्री नितीन गडकरी व्यासपीठावर राष्ट्रगीताला उभे असताना कोसळले. अंगावर दीक्षान्त समारंभाचा जाड झगा होता. २४ एप्रिल २०२४ ला पुसदच्या प्रचारसभेत भाषण करता करता त्यांना पुन्हा भोवळ आली. थोड्या वेळाने ते परतले आणि भाषण पुरं केलं. उष्णतेमुळे अस्वस्थ वाटल्याचं त्यांनी स्वतः सांगितलं. उकाडा, कपडे, उभं राहणं: आश्रमशाळेतल्या पोरीला जे पाडतं तेच मंत्र्यालाही.

पण उन्हातली प्रत्येक बेशुद्धी अशी परतून भाषण पुरं करण्यासारखी नसते. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात लाखो लोक उघड्या मैदानावर तासन् तास उन्हात बसले होते. उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. डहाणूच्या पट्टीत पारा विदर्भाइतका चढत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात, पण खाडीकाठच्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा चैत्रात भरते, उपास करून गड चढणारे असतात, लेकरांना खांद्यावर घेतलेल्या बाया असतात. तिथे कुणी पडलं तर पाहायचं ते एवढंच: सावलीत आडवं केल्यावर मिनिटभरात तो नीट बोलू लागला का? बोलू लागला, तर पाणी, मीठ-साखर, विश्रांती. बरळत असेल, ओळखत नसेल, अंग भाजल्यासारखं गरम असेल, तर तो उष्माघात. त्याच जागी कपडे ओले करावेत, मान-काखा-जांघांवर थंड पाणी ओतावं, वारा घालावा, आणि हे सगळं गाडी येण्याची वाट न पाहता सुरू करावं.

पुरुषांची एक बेशुद्धी घरात लपून राहते. संध्याकाळी ताडी झालेली असते. मद्याने रक्तवाहिन्या सैल पडतात आणि लघवीही जास्त होते. मध्यरात्री उबेतून उठून माणूस अंगणाच्या कडेला उभा राहतो. भरलेलं मूत्राशय रिकामं होताना दाब आणखी उतरतो, आणि तो तोंडावर आपटतो. सकाळी सगळे म्हणतात, जास्त झाली होती. जास्त झाली नसतानाही हे होतं. बसून लघवी करणं हा यावरचा साधा उपाय आहे. रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या चालू असलेल्या म्हाताऱ्यांनाही हेच सांगावं. त्यांच्यासाठी आरोग्य केंद्रात एक तपासणी अवश्य मागावी: आडवं असताना रक्तदाब मोजायचा, मग उभं करून तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजायचा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर चक्करीचं कारण सापडलं. दाब मोजायचं साधन प्रत्येक उपकेंद्रात असतं. उभं करून दुसऱ्यांदा मोजायला तीन मिनिटं काढली जात नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

घोलवड-बोर्डीच्या चिकूच्या वाड्यांमध्ये वेगळीच तक्रार ऐकू येते. जाळी लावलेली लांब काठी घेऊन वर पाहत फळं काढताना एकदम सगळं गरगर फिरतं, झाड, आभाळ, जमीन. डोळ्यांपुढे काळं येत नाही, शुद्ध जात नाही, जग फिरतं. ही रक्तदाबाची गोष्टच नव्हे. आतल्या कानात कॅल्शियमचे बारीक खडे असतात. वयाने किंवा डोक्याला मार लागून ते जागचे सुटून अर्धवर्तुळाकार नळीत शिरतात. मान मागे टाकली किंवा झोपेत कूस बदलली की ते सरकतात आणि कान मेंदूला ‘आपण फिरतोय’ असं खोटंच कळवतो. मिनिटभरात थांबतं, पुन्हा मान वळवली की पुन्हा येतं. यावर सलाईन चालत नाही, शक्तीची गोळी चालत नाही. जाणकार डॉक्टर रुग्णाचं डोकं ठरावीक क्रमाने वळवून ते खडे जागी बसवतात आणि बऱ्याचदा एका बैठकीत माणूस बरा होतो. काळं झालं की फिरलं, हा एक प्रश्न विचारला तर निम्मं निदान होतं.

या तालुक्यांना आणखी एक चक्कर माहीत आहे आणि ती महाराष्ट्रात इतरत्र फारशी कुणाला ठाऊक नसेल. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के सुरू झाले. धुंदलवाडी, हळदपाडा, वंकास, सासवंद, दापचरी, सगळा पट्टा हलत राहिला. १ फेब्रुवारी २०१९ ला ४.१ तीव्रतेचा धक्का बसला आणि धावपळीत पडून दोन वर्षांच्या एका मुलीचा जीव गेला. एकाच मोठ्या भूकंपानंतर शांत होण्याऐवजी लहान लहान धक्क्यांची मालिका महिनोन् महिने चालली. जमिनीतून स्फोटासारखा आवाज यायचा, पाठोपाठ हादरा. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने यंत्रं बसवली, शाळा उघड्यावर भरल्या, थंडीत माणसं तंबूंत झोपली.

अशा गावात भिंतीला टेकून बसलेल्या माणसाला मधूनच वाटतं, हलतंय. बाकीचे म्हणतात, नाही हललं. जपानी लोकांना हे जुनं ठाऊक आहे. ‘जिशिन-योई’, भूकंपाची झिंग, असं ते त्याला म्हणतात, आणि २०११ च्या मोठ्या भूकंपानंतर तिथल्या डॉक्टरांनी याचा नीट अभ्यास केला. आपला तोल तीन खबरींवर उभा असतो: आतला कान, डोळे, आणि तळपायांना-सांध्यांना जाणवणारी जमीन. जमीन विश्वासाची राहिली नाही की मेंदू या तिघांचं गणित पुन्हा पुन्हा तपासत बसतो आणि नसलेला हेलकावा जाणवू लागतो. भीतीने श्वास भरभर चालतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यामुळे मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, डोकं हलकं होतं, ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात. लेम्पर्ट यांच्या स्वयंसेवकांना बेशुद्ध करण्याची पहिली पायरी हीच होती. घरात आढ्याला अर्धी भरलेली पाण्याची बाटली टांगून ठेवावी. हललं असं वाटलं की तिच्याकडे पाहावं. पाणी हलत असेल तर बाहेर पडावं. स्थिर असेल तर खाली बसून श्वास लांब सोडावा. ही झिंग आजार नाही आणि भित्रेपणाही नाही. धक्के थांबल्यावर बहुतेकांची आपोआप जाते. पण त्या काळात ‘तुला उगाच वाटतं’ असं कुणाला म्हणू नये.

आता जिला घाबरायलाच हवं अशा बेशुद्धीबद्दल. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या दीर्घ अभ्यासातून २००२ साली स्पष्ट झालं की साध्या, व्हेसोव्हेगल बेशुद्धीने आयुष्य कमी होत नाही, पण हृदयामुळे बेशुद्ध होणाऱ्यांना मृत्यूचा धोका दुप्पट असतो. ही बेशुद्धी ओळखायची खूण म्हणजे तिला बहुधा प्रस्तावना नसते. मळमळ नाही, घाम नाही, अंधारी नाही; बोलता बोलता दिवा विझावा तसा माणूस जातो. पळताना, कबड्डी खेळताना, ओझं चढवताना पडतो. किंवा झोपलेला असताना, जेव्हा पडण्याचं काही कारणच नसतं. आधी छातीत धडधड किंवा कळ. घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं. म्हाताऱ्या माणसाची नाडी मिनिटाला ४० च्या खाली. यांपैकी एकही गोष्ट असेल तर त्याच दिवशी ईसीजी काढावा, तलासरीचं ग्रामीण रुग्णालय असो, कासा-डहाणूचं उपजिल्हा रुग्णालय असो, नाहीतर सीमेपलीकडे वापी. आलेख काढायला पाच मिनिटं लागतात.

विहीर, शौचालयाची टाकी, बंद खड्डा किंवा कारखान्यातलं टाकं यांत उतरलेला माणूस बेशुद्ध झाला तर वर सांगितलेलं काहीच लागू नाही. तलासरीतून सरीगाम, उंबरगाव, वापीच्या कारखान्यांत रोज माणसं कामाला जातात. आत प्राणवायू नसतो किंवा विषारी वायू असतो, आणि वाचवायला उतरलेला भाऊ दुसऱ्या क्षणी त्याच्याशेजारी पडतो. आत उतरायचं नाही. आधी कमरेला दोर बांधल्याशिवाय पहिल्यालाही उतरू द्यायचं नाही.

आणि डॉक्टरकडे जाताना, ज्याने पडताना पाहिलं त्याला सोबत न्यावं. पडणाऱ्याला पडण्याआधीचं ठाऊक असतं, नंतरचं नाही. पाहणाऱ्याला नंतरचं ठाऊक असतं, आधीचं नाही. उभी होती की बसलेली, चेहरा पांढरा की निळा, झटके किती वेळ, डोळे उघडे की मिटलेले, शुद्ध आल्यावर पहिलं काय बोलली. आवणीच्या दिवसांत शेजारणीची एक रोजी बुडेल, आणि ती बुडू नये म्हणून दोघी जाणार नाहीत, हे मला कळतं. निदान तिचं फोनवर डॉक्टरांशी दोन मिनिटं बोलणं करून द्यावं. ती जे सांगेल ते कुठल्याही रक्ततपासणीत निघत नाही.